यूएसबी, ऑप्टिकल की कोअ‍ॅक्सिअल? आणि भुणभुण घालवायला ‘यूएसबी प्युरिफायर’ घ्यावा का?

तुमची मांडणी अशी आहे: जळगावच्या घरात लॅपटॉप यूएसबीने डॅकला (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), डॅक आरसीए केबलने (साधी ऑडिओ केबल) अ‍ॅम्प्लिफायरला. चार्जर लावला की स्पीकरमध्ये भुणभुण, काढला की शांत. दुकानदार प्युरिफायर (यूएसबीचा सिग्नल स्वच्छ करतो म्हणून विकला जाणारा डबा) आणि वर रिक्लॉकरही (डिजिटल सिग्नलचं टायमिंग नव्याने बसवणारा डबा) घ्या म्हणतोय. टीव्हीही याच डॅकला जोडायचाय.

आत्ता यातलं काहीच घेऊ नका. चार्जर काढताच आवाज जातो, यातच निदान झालंय. तुमचा डिजिटल सिग्नल खराब नाही. त्या यूएसबी केबलमधली ग्राउंडची तार लॅपटॉपचा आणि अ‍ॅम्पचा अर्थ (म्हणजे अर्थिंग) एकमेकांना जोडते आणि तिथून भलताच करंट वाहतो. लॅपटॉपचा चार्जर थ्री-पिन असेल तर अर्थिंगचा पूर्ण लूप तयार होतो. टू-पिन असेल तर चार्जरमधल्या कपॅसिटरमधून थोडी गळती होते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात, ती हीच. हा करंट शेवटी आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून जातो. जाळीला थोडा रेझिस्टन्स असतो, तिच्यावर बारीकसं व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅम्प त्यालाच गाणं समजून मोठं करतो. म्हणून डॅक आणि अ‍ॅम्प दोन्हींना बॅलन्स्ड म्हणजे एक्सएलआर जोडणी (तीन पिनांची, जिच्यात सिग्नल जाळीवर अवलंबून नसतो) असेल, तर पहिल्यांदा ती वापरून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावरच काम भागतं.

यूएसबीमध्ये डेटा खरंच चुकला तर टिक-टिक किंवा आवाज तुटणं ऐकू येतं, कारण ऑडिओचं चुकलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जात नाही. चुकलेल्या डेटामुळे सूर किंचित फिका पडणं असं काही होत नाही. तेव्हा ‘डेटा स्वच्छ करणारा’ डबा हे विकायचं वाक्य आहे.

तपासणी एका टोकाकडून करा. अ‍ॅम्पला फक्त स्पीकर जोडून आवाज रोजच्या पातळीवर ठेवा. मग डॅक लावा, यूएसबी नको. मग बॅटरीवर चालणारा लॅपटॉप. मग चार्जर. मग टीव्ही, आणि सगळ्यात शेवटी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून आलेली डिश किंवा केबलवाल्याची वायर. ज्या पायरीला भुणभुण सुरू होते तिथे दोष. ही शेवटची वायर फार लोक विसरतात. तिच्यातून बाहेरचा वेगळाच अर्थ घरात येतो.

आता बोर्ड बघा. लॅपटॉप, टीव्ही, डॅक, अ‍ॅम्प सगळं एकाच सॉकेटवरच्या एका चांगल्या थ्री-पिन एक्स्टेंशनवर आणा, म्हणजे सगळ्यांचा अर्थ एका जागी येतो. फुकटचा उपाय आहे, आणि मी आधी हाच करायला सांगतो. मग वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल, किंवा फेज-अर्थ हे फेज-न्यूट्रलपेक्षा बरंच कमी दिसत असेल, तर अर्थिंगचं कनेक्शन किंवा खड्डा तपासायला हवा. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहा. भुणभुण जाते म्हणून अर्थची पिन कापू मात्र नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. आणि आवाज फक्त लाईट गेल्यावरच येत असेल तर दोष इन्व्हर्टरचा आहे; स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतोच, तिथे प्युअर साइन लागतो.

इतकं करूनही चार्जरसोबत भुणभुण उरली, तरच आयसोलेटर, म्हणजे यूएसबीचा डेटा जाऊ देऊन विजेची जोड तोडणारा डबा. तोही बघून घ्या. एडीयूएम ४१६० चिप असलेले स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचेच असतात. त्यांतून स्टिरिओ २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतच जातं आणि काही डॅक तर ओळखलेच जात नाहीत. शिवाय आतला छोटा कन्व्हर्टर बहुधा १ वॅटचा असतो, म्हणजे ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर. यूएसबीवरच चालणारा डॅक त्यावर धापा टाकतो. तुम्ही १९२ किलोहर्ट्झ किंवा डीएसडी (हाय-रिझोल्यूशन ऑडिओचा एक प्रकार) ऐकत असाल तर ४८० मेगाबिटचा, ‘हाय-स्पीड’ असं स्पष्ट लिहिलेलाच मागा. तो महाग असतो. आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला आणि टीव्ही तारेने अ‍ॅम्पला जोडलेला असेल तर आयसोलेटर लावूनही लूप त्या वाटेने पुन्हा जुळतो.

त्याहून स्वस्त वाट म्हणजे लॅपटॉपजवळ यूएसबी-ते-ऑप्टिकल कन्व्हर्टर ठेवायचा आणि पुढे डॅकपर्यंत ऑप्टिकल. प्लास्टिकच्या तंतूतून लाल उजेड जातो, वीज नाही, म्हणून लूप तिथेच तुटतो. मर्यादा एकच, ९६ पर्यंत भरवसा धरा. १९२ काही उपकरणांवर चालतं, काहींवर आवाज तुटतो. केबलवर क्लिप करायचे फेराइट मात्र या ५० हर्ट्झच्या भुणभुणीला काहीच करत नाहीत, ते रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी असतात.

रिक्लॉकर सोडून द्या. असिंक्रोनस यूएसबी डॅकमध्ये घड्याळ (म्हणजे टायमिंग ठरवणारं सर्किट) डॅकचंच चालतं आणि तोच लॅपटॉपकडून डेटा मागतो. त्याच्या आधी कितीही नेमकं घड्याळ बसवलं तरी त्या घड्याळात फरक पडत नाही. ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअलमध्ये (धातूच्या तारेतून डिजिटल सिग्नल नेणारी जोडणी) घड्याळ सिग्नलमध्येच गुंफलेलं असतं, तिथे रिक्लॉकरचा उपयोग होऊ शकतो, पण बरेचसे आजचे डॅक ते काम आतच करतात.

कोअ‍ॅक्सिअल सीडी प्लेअरला ठेवा. ७५ ओहमची केबल लागते. जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही केबलमधली पिवळी साधारण तीच असते, मीटरभर अंतराला चालते.

टीव्ही ऑप्टिकलनेच जोडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ राहिलं तर डॉल्बीचा सिग्नल जातो आणि स्टिरिओ डॅक गप्प बसतो किंवा खरखरतो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर छोट्या पारदर्शक टोप्या असतात, त्या काढल्याशिवाय प्लग नीट बसत नाही. केबल मुडपू नका, वळण दोन-तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको. वापरात नसलेल्या ऑप्टिकल सॉकेटवर टोपी लावूनच ठेवा, उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ आत जाऊन बसते.