कलेक्शनच्या वादात उडी घेण्याआधी

कुणाच्या चित्रपटाने जास्त कमावलं, या चाहत्यांच्या भांडणात नवा गडी हमखास एकाच ठिकाणी आपटतो: आपल्या हिरोचा ग्रॉस (करासकट) आकडा तो समोरच्याच्या नेटशी (कर वजा जाता) लावतो. तिकीट 236 रुपयांचं असेल तर ग्रॉस 236; त्यातला 36 रुपये जीएसटी (200 वर 18 टक्के) वजा केला की नेट 200. या 200 मधून थिएटरवाल्याचा वाटा गेल्यावर उरतो तो वितरकाचा शेअर. म्हणून कुणी ‘शंभर कोटी’ म्हणालं की आधी विचार: ग्रॉस की नेट? भारतातले की जगभरातले? बरेचसे वाद इथेच थंडावतात.

मराठीत आणखी एक मेख आहे. ‘सैराट’ आला एप्रिल 2016 मध्ये, जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला. त्याआधी महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ होता, त्यामुळे राज्यातल्या कमाईत ग्रॉस आणि नेट जवळपास एकच. 2023 च्या ‘बाईपण भारी देवा’च्या ग्रॉसमध्ये मात्र कर धरलेला असतो. तुलना करायचीच तर नेटची कर, नाहीतर प्रेक्षकसंख्येची. नेट 50 लाख आणि तिकिटाचा सरासरी नेट दर 100 रुपये असेल तर प्रेक्षक 50 हजार. दर 200 झाला की तेवढ्याच पैशांत निम्मेच.

निर्मात्याच्या पोस्टरवरचा आकडा ही जाहिरात आहे, हिशेब नव्हे. आणि तारीख कापलेला कमाईच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट कुणी टाकला तर उत्तरच देऊ नकोस, आधी तारीख माग.