वाचकांचे प्रश्न : टंकी शाबूत, मग फुटले काय?

प्रश्न : आमच्या गल्लीतील एका घरात पहाटे स्वयंपाकघरात स्फोट झाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही; पण खिडकी चौकटीसकट रस्त्यावर येऊन पडली, दार निखळले आणि समोर आमच्या घराच्याही दोन काचा फुटल्या. ‘गॅसची टंकी (सिलिंडर) फुटली’ असेच जो तो म्हणत होता, मात्र टंकी जागेवर उभी होती आणि तिला साधा पोचाही आलेला नव्हता. शिवाय आमच्या काचांचे बरेचसे तुकडे घरात न पडता बाहेर रस्त्यावर पडले. हे कसे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण पोचा आला आहे की नाही हे पाहिलेत, तिथेच अर्धे उत्तर मिळाले. त्या घरात टंकी फुटली नाही. खोलीत साठलेली गॅसमिश्रित हवा पेटली.

घरगुती गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. नळीतून किंवा रेग्युलेटरपाशी तो रात्रभर झिरपत राहिला, तर वर न जाता फरशीवर, ओट्याखाली पसरतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच मिश्रण पेट घेते. त्याहून कमी असल्यास जळायला गॅस पुरत नाही आणि जास्त असल्यास प्राणवायू पुरत नाही. टंकीच्या आत हवाच नसल्यामुळे ज्योत आत शिरू शकत नाही. तीन मीटर लांब, तितक्याच रुंद व उंच खोलीत २ टक्के गॅस होण्यासाठी एक-सव्वा किलो गॅस पुरतो, आणि भरलेल्या टंकीत तो १४.२ किलो असतो. मग दिव्याचे बटण किंवा फ्रिजचा आपोआप चालू-बंद होणारा खटका एवढी ठिणगीही पुरेशी होते.

ज्योत खोलीभर धावते तेव्हा तापमान २००० अंशांच्या आसपास जाते आणि तापलेल्या वायूंना सात-आठ पट जागा हवी असते. खोली पोलादाची असती, तर आतला दाब तितक्याच पटींनी चढला असता. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी सर्वांत कच्ची गोष्ट, म्हणजे खिडकी किंवा दार, हार मानते आणि दाबाला वाट मिळते. त्या घराची भिंत उभी राहिली, याचे श्रेय बहुधा रस्त्यावर पडलेल्या त्या खिडकीलाच द्यावे लागेल.

टंकी खरोखर फुटते ती बाहेरची आग तिला बराच वेळ चाटत राहिली, आतला द्रव उकळला आणि तापलेले पोलाद नरम पडले म्हणजे. वर्तमानपत्रे मात्र दोन्ही प्रकारांना सरसकट ‘सिलिंडरचा स्फोट’ म्हणतात. मला हे खटकते, कारण त्यामुळे सगळा संशय त्या जाड पोलादावर जातो आणि तडे गेलेल्या रबरी नळीकडे कोणी पाहत नाही.

आता आपल्या काचांविषयी. बाहेर पडलेला दाब हवेतून लाटेसारखा पुढे सरकतो. वातावरणाच्या दाबात विसाव्या हिश्श्याची भर पडली, तरी एक चौरस मीटर काचेवर सुमारे ५०० किलोंचा भार क्षणभर येतो, आणि साध्या खिडकीची काच तेवढ्यात सहज तडकते. पण या लाटेला मागची बाजूही असते : दाब चढल्यानंतर तो क्षणभर नेहमीपेक्षा खाली उतरतो. पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली काच या उलट्या ओढीने बाहेर येते. आपल्याकडे असेच घडले असावे.

ही लाट प्रकाशाच्या बरीच मागून येते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात उल्का फुटली. लख्ख उजेड पाहून लोक खिडक्यांशी धावले, आणि दोन-अडीच मिनिटांनी दाबाची लाट पोहोचली. सुमारे १५०० लोक जखमी झाले, त्यांतील बहुतेक काचांनी.

प्रश्न : माझे वडील दालमिलमध्ये काम करतात. तिथे धुळीचा स्फोट होऊ शकतो, असे ते म्हणतात. डाळीचे पोते तर काडी लावूनही नीट पेटत नाही!
– एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. एक सेंटिमीटरच्या घनाला सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच दशांश मिलिमीटरचे कण केले, तर तो ६०० होतो. जळण्याची क्रिया पृष्ठभागावर होते, म्हणून पोत्यात धुमसणारी वस्तू हवेत उडाल्यावर भडकून पेटते. अमेरिकेतील मिनिॲपोलिसची मोठी पिठाची गिरणी २ मे १८७८ रोजी अशीच उडाली आणि १८ कामगार दगावले.

खरा घात बहुधा दुसरा स्फोट करतो. तापलेल्या बेअरिंगपाशी आधी लहानसा भडका उडतो, त्याच्या धक्क्याने तुळयांवर आणि पत्र्यांवर साठलेली धूळ खाली झडते आणि ती सगळी एकदम पेटते. त्यासाठी एक मिलिमीटरपेक्षा पातळ थरही पुरतो. म्हणूनच तुळयांवरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ती वरच्या वर शोषून घ्यावी, असा नियम असतो. पाइपने उडवली की पहिल्या भडक्याचे अर्धे काम आपणच करून ठेवतो.