जैसलमेर जिल्हा एवढा मोठा, मग वस्ती इतकी कमी का? तिथे पूर्वी राज्य तरी कसं चाललं?

एका शब्दात सांगायचं तर पाणी. जिल्हा सुमारे ३८,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ केरळएवढा. पण २०११ च्या जनगणनेत माणसं पावणेसात लाखांच्या आत, चौरस किलोमीटरला फक्त १७. पाऊस वर्षाला २०० मिलीमीटरसुद्धा नाही. आणि सगळीकडे वाळूच असते हा फोटोंनी करून दिलेला समज. वाळूच्या टेकड्या पाहायला शहरापासून ४० किलोमीटरवर सम गावाला जावं लागतं. बराचसा भाग खडकाळ माळ आहे.

पण त्या खडकाचाच लोकांनी उपयोग करून घेतला. पालीवाल ब्राह्मणांची 'खडीन' पद्धत बघा: माळावरून वाहून येणारं पाणी उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालून अडवायचं, ते जिरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. पुन्हा पाणी देणं नाही!

राज्य भाटी राजपुतांचं. रावळ जैसलने ११५६ मध्ये लोद्रव्याहून राजधानी इथे हलवली. कमाई शेतीची कमी, उंटांच्या तांड्यांवरच्या जकातीची जास्त. पुढे माल मुंबई बंदरातून जायला लागला आणि गाव ओस पडत गेलं. फाळणीने सिंधकडची उरलीसुरली वाटही बंद केली. १९४९ मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झालं.

आता इंदिरा गांधी कालव्यामुळे काही भागात बारमाही शेती दिसते.