मारुतला इंजिन मिळालं असतं तर...

प्रश्न : पुण्याच्या कमला नेहरू पार्कात ठेवलेलं लढाऊ विमान पाहून माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं विचारलं, "हे आपण केलंय?" मी म्हटलं, रशियन असेल. बरोबर का, काका? आपलं असेल तर ते मागे का पडलं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही ताई, ते आपलंच. एचएफ-२४ मारुत. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या हाताखाली आपल्या माणसांनी घडवलेलं. आधी त्याच आकाराचं लाकडी ग्लायडर उडवून पाहिलं. मग १७ जून १९६१ रोजी चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी खरं विमान आकाशात नेलं.

अंगकाठी ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेली. तिला लागणारं जोरदार ऑर्फियस इंजिन ब्रिटनमध्ये व्हायचं होतं. त्यांनी खर्चात वाटा मागितला, दिल्लीनं नाही म्हटलं आणि ते काम तिथंच थांबलं. मग आफ्टरबर्नर (इंजिनच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नसलेली दोन छोटी ऑर्फियस बसवली. विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडलं. याची हळहळ मला अजून वाटते. आफ्टरबर्नर बसवलेल्या मारुतची चाचणी घेतानाच १० जानेवारी १९७० रोजी दास गेले.

पण दुबळं म्हणू नका. १९७१ साली मी जोधपूरला इंजिन फिटर होतो. एका संध्याकाळी एक मारुत उतरलं ते एकाच इंजिनवर. दुसऱ्याला जमिनीवरून गोळी लागलेली. मी टॉर्च घेऊन मागच्या नळीत डोकावलो, टर्बाइनची पाती पार चेचलेली. शेजारचं इंजिन मात्र धडधाकट. वैमानिक शिडीवरून खाली आला आणि काही न बोलता विमानाच्या पोटावर हात ठेवून उभा राहिला. त्या लढाईत आणखीही मारुत अशीच एका इंजिनवर तळावर परतली.

नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या. चारही एकदम झाडल्या की अख्खं विमान हादरायचं, तो त्रास शेवटपर्यंत राहिला. एकूण १४७ विमानं झाली. जोर कमी तो कमीच. १९९० पर्यंत ती निवृत्त झाली.

पुढच्या वेळी मुलाला विमानाच्या शेपटीकडे न्या. तिथं शेजारीशेजारी दोन नळ्या दिसतील. माझा टॉर्च त्यातल्या डावीकडच्या नळीत गेला होता.