आईची गोळी चालू आणि जेवण बंद, असं होऊ देऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की आई ५८ वर्षांच्या, साखरेच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. मुंबईच्या मामीने नऊ दिवसांचं डिटॉक्स सुचवलंय, साडेचार हजार भरायचेत आणि गणपतीआधी उरकायचंय. जेवण बंद, फक्त रस, शहाळं आणि रात्री चूर्ण. शेवटी तुम्ही लिहिता, ‘गोळी बंद करायला सांगितलेली नाही, रस नैसर्गिकच आहे, मग करून बघायला काय हरकत आहे?’ हे वाक्य वाचलं आणि पुढचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण तीन वर्षांपूर्वी मीही अगदी हेच बोलले होते.

मी डॉक्टर नाही. आमच्या घरात जे झालं ते सांगते. गोळीचा निर्णय आईच्या डॉक्टरांनीच घ्यायचा, माझ्या सांगण्यावरून एकही गोळी कमी-जास्त करू नका.

आमचं गाव देवगड तालुक्यात, थोडी आंब्याची कलमं आहेत. मिस्टरांचं वजन वाढलेलं, साखर दोनशेच्या खाली येत नव्हती. मीच चौकशी केली, मीच पैसे भरले. नाव घेत नाही, पण ते केंद्र चांगलं चकचकीत होतं, भिंतीवर लिव्हरचं मोठं चित्र. सकाळी दुधी-कारल्याचा रस, दुपारी काकडी-कोथिंबीर, संध्याकाळी भाज्यांचं पाणी, झोपताना चूर्ण. कुठली औषधं चालू आहेत असा एक रकाना फॉर्मवर होता. मी ‘शुगरची गोळी’ एवढंच लिहिलं. कुठली, किती, कधी, हे कोणी विचारलं नाही, आणि आमच्या डॉक्टरांना सांगावं हे मला सुचलं नाही. उलट वाटलं, साखर उतरल्यावरच दाखवू, खूश होतील.

चौथ्या दिवशी वजन तीन किलोने कमी. मी केवढी आनंदले! आता कळतं त्यात काय होतं. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर असते, साधारण अर्धा किलोच्या आतबाहेर, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण थांबलं की आधी ती वापरली जाते आणि पाणी निघून जातं. वर चूर्णाने जुलाब. (पाकीट उलटून वाचा, बहुतेकदा सोनामुखी असते.) चरबी त्यात थोडीच. पेज-भात सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत दोन किलो परत आले.

त्याच चौथ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांचे हात थरथरायला लागले. शर्ट पाठीला चिकटलेला. बाहेर धो धो पाऊस, अंगात गारवा, आणि यांना घाम. सासूबाईंनी आधी ओळखलं, ‘बघ गो, ह्येच्या अंगाक किती घाम इलो! काय तरी खावक दी.’ मी ऐकलं नाही. आमच्याकडे घरात रेंज येत नाही, म्हणून छत्री घेऊन गडग्यावर (आवाराच्या दगडी बांधावर) चढले आणि केंद्रात फोन लावला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय. हे चांगलं लक्षण आहे. साखर मात्र बिलकूल द्यायची नाही, सगळं फुकट जाईल. झोपू द्या.’

मी झोपू दिलं. चहाच्या साखरेचा स्टीलचा डबा माझ्या हाताच्या अंतरावर होता, ताई. तीन चमचे पाण्यात ढवळून दिले असते तर पुढचं काही झालं नसतं. रात्रीची गोळी मात्र मी वेळेवर दिली.

अडीचच्या सुमाराला ते काहीतरी बरळत उठले आणि पडवीच्या पायरीवरून खाली गेले. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. वाडीतल्या आशाताई (गावच्या आरोग्य-स्वयंसेविका) साखर मोजायचं मशीन घेऊन धावत आल्या, साखर ३८. सत्तरच्या खाली गेली की कमी धरतात, चोपन्नच्या खाली धोक्याची. मी तोंडात साखरपाणी ओतायला गेले तर आशाताईंनी हात धरला. माणूस धड शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून ठेवायचं आणि १०८ लावायचा. गाडीतल्या डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि काही मिनिटांत यांनी डोळे उघडले. मला वाटलं, सुटलो. कणकवलीला पोचल्यावर पहाटे साखर पुन्हा ५२. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘जेवण किती दिवस बंद होतं?’ आणि मग समजावलं.

यांची गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी जोडगोळी होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. जेवलात तर साखर बेतात राहते, उपाशी असलात तर गोळी साखर खाली खेचतच राहते. तिचा अंमल लांबतो, म्हणून एकदा ग्लुकोज देऊन घरी पाठवत नाहीत, दोन दिवस ठेवून घेतलं. जुलाबांनी पाणी कमी होऊन किडनीवर ताण आला असेल तर औषध शरीरात आणखी रेंगाळतं. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी पडत नाही. म्हणजे ‘साखरेची गोळी’ असं काही एक नसतं, कुठली गोळी यावर सगळं अवलंबून. गोळ्यांच्या पट्टीच्या मागचं नाव बघा: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यातलं काही असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रसाचे नऊ दिवस हा विषयच नको. शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेलं नाव असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) तर धोका वेगळा: पोळी-भात एकदम तोडला तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि मशीनवर साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. सध्या किटोचं (पोळी-भात जवळजवळ बंद, तूप-तेल भरपूर) वेड आहे म्हणून मुद्दाम सांगते. किटो मुळात १९२० च्या दशकात फिट्स येणाऱ्या मुलांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत वापरात आला, लग्नाआधी बारीक होण्यासाठी नव्हे.

शहाळ्याबद्दलही. आपल्याकडे शहाळं म्हणजे औषधच, आजाऱ्याला पहिलं तेच. पण एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. आई बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी ‘सार्टन’वाली गोळी घेत असतील आणि किडनी थोडी जरी अधू असेल, तर दिवसाला तीन-चार शहाळी म्हणजे पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती. आधी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासलेलं असावं. आणि दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका, घोटभरसुद्धा पिऊ नका. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिनने रक्ताच्या उलट्या होतात, २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा त्यात जीव गेला. त्यानंतर तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की रस काढण्याआधी फोड चाखून बघा आणि दुसऱ्या रसांत मिसळू नका. मिसळला की कडूपणा कळत नाही. केंद्राने दिलेल्या आमच्या रसांच्या तक्त्यात तो कारल्यात मिसळलेला होता!

आता ‘विष’. मी नंतर केंद्रात जाऊन विचारलं, कुठलं विष? रक्तात किती होतं, नऊ दिवसांनी किती राहतं, कुठल्या लॅबमध्ये मोजता? उत्तर नाही. आपली किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि दीड-दोन लिटर सोडून बाकीचं परत घेते, हे रोज, फुकट. लिव्हर दारूपासून औषधांपर्यंत सगळं फोडून काढतं. किडनी-लिव्हर थकली असतील तर कावीळ दिसते, पायाला सूज येते, आणि त्याला रस पुरत नाही, दवाखाना लागतो.

पैसे परत मागितले तर फॉर्म पुढे केला: ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या ओळीखाली माझी सही. तीन फेऱ्या मारल्या. एकदा साहेब नाहीत, एकदा सिस्टीम बंद, तिसऱ्यांदा म्हणाले की तुम्ही मध्येच सोडलंत म्हणून त्रास झाला. मिस्टर तेव्हा हात गळ्यात बांधून बाहेर रिक्षात बसले होते. त्या वर्षी फवारणी कोण करणार, काढणी कोण करणार? कलमं कराराने द्यावी लागली, मिळायचे त्याचे निम्मेही हातात आले नाहीत. अजून त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) धरून आंबा उतरवता येत नाही. मला सगळ्यात जास्त राग येतो तो फोनवरच्या त्या वाक्याचा. घाम, थरथर, चक्कर, काहीही झालं तरी ‘विष निघतंय’ म्हणायचं, म्हणजे पेशंट कधी दवाखान्यात जाणारच नाही!

कोणाला तक्रार करायची असेल तर: मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे, त्यांचं पत्रक जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) चौदा आकडी नंबर आहे म्हणून ते औषध म्हणून पारखलेलं आहे असं नसतं. आम्ही तक्रार केली नाही, दवाखान्यातून घरी आल्यावर तेवढं बळ उरलं नव्हतं. करायला हवी होती.

पंचकर्माबद्दल कोणी विचारेल. नोंदणीकृत वैद्य आधी चालू औषधं विचारतो, तपासतो, मग ठरवतो. त्याची आणि कुरिअरने आलेल्या पाकिटाची मी तुलना करणार नाही.

कमी खाऊन साखर उतरत नाही असं मात्र मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये आले. साडेआठशेच्या आसपास कॅलरी, तीन ते पाच महिने, आणि वर्षाने जवळजवळ निम्म्या लोकांचा मधुमेह गोळीविना आटोक्यात होता. पण त्यात मधुमेह सहा वर्षांच्या आतला असलेलेच लोक घेतले होते, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, नंतर सतत तपासणी. आमच्या केंद्राने नेमकं हेच केलं नाही. आईंना दोनदाच जेवून बघायचं असेल, सोळा तास उपास करायचा असेल, तरी आधी गोळीचा हिशेब. अंगारकीला, एकादशीलासुद्धा हेच. उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आमच्याकडे आता काय चालतं ते सांगते, तुमच्याकडे चालेलच असं नाही. सकाळी पेज, पण उकड्या तांदळाची आणि वाटीने मोजून. (नाचणीनेही साखर वाढते, लोक बिनधास्त पितात.) दुपारी भात निम्मा, बांगडा किंवा कुळथाची पिठी, आणि पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी जी भाजी मिळेल ती दुप्पट. सोलकढी बिनसाखरेची. सहा महिन्यांत चार किलो उतरलं आणि ते परत आलं नाही. रातांब्याच्या कुळातल्या गार्सिनियाच्या कॅप्सूल ‘वजन उतरवायला’ म्हणून मिळतात, त्यांच्याही नादी लागू नका. तसल्या कॅप्सूल घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमसुलाचं सार आणि ती कॅप्सूल एक नव्हे.

मामींना दुखवायचं नसेल तर म्हणा, डॉक्टरांना तक्ता दाखवून मग ठरवू. गोळ्यांच्या पट्टीच्या मागच्या बाजूचा आणि तक्त्याचा फोटो आजच डॉक्टरांना पाठवा. घरात साखर मोजायचं मशीन नसेल तर गणपतीला येणाऱ्या कोणा चाकरमान्याला आणायला सांगा, पट्ट्यांची मुदत बघून घ्यायला सांगा. आणि आईंना घाम सुटून हात थरथरायला लागले, तर फोन कोणालाही लावण्याआधी तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मग पोटभर जेवण.