प्रोसेसरमध्ये कोअर वाढतच जाणार का? चिप अजून किती लहान होणार? आणि मग आता जास्त कोअरचाच संगणक घ्यावा ना?

कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग, वाढतील. सर्व्हरच्या एका प्रोसेसरमध्ये २०२४ सालीच १९२ झाले. पण तुमच्या शेवटच्या वाक्यावरून माझं आणि आमच्या भावोजींचं कित्येक चतुर्थ्या वाजतंय, म्हणून लिहायला बसलो.

माझं गोव्यात फोंड्याला ड्राफ्टिंगचं ऑफिस आहे. घरांचे नकाशे, प्लॉटचे कंटूर (जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा), पंचायतीत द्यायची ड्रॉइंग्ज. भावोजी वेर्ण्याला एका कारखान्यात संगणक विभाग बघतात, त्यामुळे घरात या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. मला सहा कोअरचा, पण वेगवान प्रोसेसर हवा होता. त्यांनी ताईकरवी गळ घालून मुंबईहून वापरलेला सर्व्हर मागवायला लावला. दोन प्रोसेसर, मिळून २८ कोअर, वेग २.४ गिगाहर्ट्झ. "अरे, त्याच पैशांत चौपट कोअर मिळतायत!"

मग एक दिवस गिऱ्हाईक समोर बसलेलं, उतारावरचा प्लॉट, कंटूरच्या रेषांनी गच्च भरलेली फाइल. रस्त्याची रेघ जरा सरकवा म्हणाला. सरकवली, आणि स्क्रीन गोठली. टास्क मॅनेजर (प्रत्येक कोअर किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर ५६ चौकोन, कारण एकेक कोअर दोन-दोन दिसतो. एका चौकोनातली रेघ छताला टेकलेली, मधेच ती शेजारच्या चौकोनात जायची, बाकीचे सगळे तळाशी सपाट. एकूण वापर २ टक्के! पंखे मात्र असे घोंगावत होते की गिऱ्हाइकाने विचारलं, आत जनरेटर लावलाय का? शिवाय पावसात वीज गेली की आमचा यूपीएस त्या धुडाखाली लगेच मान टाकायचा, ते वेगळंच.

ड्रॉइंगचं काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं. आधीची रेघ कुठे संपली हे कळल्याशिवाय पुढची काढता येत नाही. भावोजींना मी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधतानाच समजावलं होतं: शिडी एक, वर चढणारा एक, खाली फळं घेऊन वीस जण उभे राहिले तरी माटोळी लवकर बांधून होत नाही. यालाच अॅमडालचा नियम म्हणतात, १९६७ सालचा. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तर ३२ कोअरवर वेग जेमतेम आठपट होतो आणि हजार कोअर लावले तरी दहापटीच्या वर जात नाही.

मुळात कोअर वाढवले ते हौसेने नव्हे. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला इवलासा स्विच, लहान झाला की व्होल्टेजही उतरायचं, म्हणून वेग वाढवला तरी चिप तापत नव्हती. २००५ च्या आसपास ते थांबलं, कारण व्होल्टेज आणखी उतरवलं तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळतो. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर करून २००४ मध्ये रद्द केला आणि पुढच्याच वर्षी दोन कोअरवाले बाजारात आले. वेग वाढवता येईना, म्हणून संख्या वाढवली. जाहिरातीत हे कोण सांगणार?

चिपच्या आकाराचं म्हणाल तर ट्रान्झिस्टर लहान होतोय, चिप नाही. चिप छापायचं यंत्र एका वेळी २६ बाय ३३ मिलिमीटरपेक्षा मोठा भाग छापू शकत नाही, म्हणजे ८५८ चौरस मिलिमीटर ही हद्द. त्यात एवढ्या मोठ्या तुकड्यात एक बारीकसा दोष जरी राहिला तरी बऱ्याचदा अख्खा तुकडा वाया. म्हणून आता चिपलेट, म्हणजे चिपचे लहान लहान तुकडे, करून जोडतात. एएमडीने २०१९ मध्ये कोअरचे तुकडे ७ नॅनोमीटरवर केले आणि बाहेरच्या जोडणीचा तुकडा जुन्याच, स्वस्त प्रक्रियेवर ठेवला. कॅश मेमरी (कोअरच्या हाताशी असलेली झटपट मेमरी) तर आता फारशी आकसतच नाही, म्हणून ती थेट डोक्यावर रचायला लागले. एएमडीचा २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर तसाच, ८ कोअर आणि ९६ एमबी एल३ (सगळ्या कोअरची सामाईक) कॅश. माझ्या मते घरगुती आणि ऑफिसच्या संगणकाचं भविष्य याच दिशेला आहे: मोजके दणकट कोअर, सोबत काही काटकसरी कोअर आणि भरपूर कॅश. ८-१० कोअरच्या पुढे साध्या माणसाने पैसे घालू नयेत.

तुम्ही व्हिडिओ एडिटिंग, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणं किंवा सिम्युलेशन करत असाल तर मात्र वरचं विसरा, तिथे प्रत्येक कोअर पैसे वसूल करतो. हे आधी सांगायला हवं होतं, पण भावोजी डोक्यात होते.

नाहीतर रोजचं सगळ्यात रखडणारं काम चालू करा, टास्क मॅनेजरमध्ये चौकोन बघा आणि एकच वर गेलेला दिसला तर दुकानदाराला सिंगल कोअरचा स्कोअर, म्हणजे चाचणीत एकट्या कोअरचा मोजलेला वेग, विचारा. तो "सर, पण कोअर बघा ना" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. आणि भावोजी, वाचत असाल तर, थ्रीडी व्ह्यूचं रेंडरिंगही हल्ली मी ग्राफिक्स कार्डवर करतो. तेवढा एक मुद्दा उरला होता तुमच्याकडे.