वाचकांचे प्रश्न : पावसाळा, फ्लू आणि रजेचा अर्ज

प्रश्न : भोसरीतील आमच्या कारखान्यात सुमारे साठ कामगार आहेत. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास एकापाठोपाठ एक कामगार ताप-खोकल्याने आजारी पडतात आणि नेमका तेव्हाच कामाचा ताण असतो. सर्वांना फ्लूची लस द्यावी असे मी मालकांना सुचवले, तेव्हा ‘फ्लू थंडीत येतो, दिवाळीनंतर पाहू’ असे उत्तर मिळाले. त्यांना काय सांगावे?
— एक पर्यवेक्षक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : दिवाळीनंतर दिलेली लस आपल्याकडच्या मुख्य हंगामाला चुकते, हे त्यांना प्रथम सांगावे. फ्लू थंडीत येतो ही समजूत युरोप-अमेरिकेबाबत खरी आहे, आपल्या देशात श्रीनगरसारख्या थंड भागाबाबतही खरी आहे. पण महाराष्ट्रात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण जून-जुलैपासून वाढू लागतात आणि सप्टेंबरपर्यंत हा जोर टिकतो. काही वर्षी जानेवारी ते मार्च या काळात दुसरी लाट येते. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्याच विषाणूने अनेक घरांत खोकला मुक्कामाला आणला होता, तो याच प्रकारचा. पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यातच झाला आणि पुढे शाळा-महाविद्यालये व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली. ती महामारी होती, त्यामुळे केवळ तिच्यावरून हंगाम ठरवता येणार नाही. मात्र स्वाइन फ्लूचा तोच एच१एन१ विषाणू आता नेहमीच्या हंगामी विषाणूंपैकी एक होऊन बसला आहे आणि पावसाळ्यातच अधिक सापडतो.

हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लसीचे घटक वर्षातून दोनदा जाहीर करते : उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, बाजारात येणारी दक्षिण गोलार्धाची लसच आपल्या हंगामाला जुळते. टोचल्यानंतर संरक्षण निर्माण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. हा अंक हाती पडेपर्यंत पाऊस सुरू झालेला असला तरी लस वाया जात नाही. उशिरा घेतली एवढेच.

या लसीबद्दल वाजवीपेक्षा मोठी आशा मात्र मालकांना दाखवू नये. ज्या वर्षी लस आणि विषाणू यांचा मेळ चांगला बसतो, त्या वर्षीही ती डॉक्टरकडे जावे लागेल असा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. तिचा खरा उपयोग आजार गंभीर होऊ न देण्यात आहे आणि म्हणूनच मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, गर्भवती स्त्रिया व वृद्ध यांच्यासाठी तिचे मोल अधिक. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो; त्यामुळे ‘लस घेतली आणि फ्लू झाला’ ही तक्रार दंडाच्या दुखण्याला, एखाद्या दिवसाच्या कणकणीला किंवा त्याच सुमारास झालेल्या दुसऱ्या सर्दीला धरून केलेली असते. एक विनंती आणखी : यादी करताना उपाहारगृहातील, साफसफाईचे आणि सुरक्षारक्षक म्हणून काम करणारे लोक वगळू नका. ते कंत्राटदाराकडून आलेले असतात, हे विषाणूला कळत नाही.

प्रश्न : मी ठाण्यातील एका खासगी कार्यालयात काम करते. बंद खिडक्या, वातानुकूलन आणि शेजारी खोकणारे सहकारी अशी आमची परिस्थिती आहे. एका दिवसाच्या आजारपणालाही डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात, म्हणून सगळे दुखणे अंगावर काढून कामावर येतात. मीही तेच करते. यातून मार्ग काय? ताप आल्यावर किती दिवस घरी राहणे आवश्यक आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे असतात. पॅरासिटामॉल न घेता सलग २४ तास ताप आला नाही आणि एकंदर बरे वाटू लागले, तर कामावर जावे. त्यानंतरही काही दिवस मास्क लावावा. सकाळी गोळी घेऊन ताप उतरवायचा आणि नऊ वाजता हजेरी लावायची, याला बरे होणे म्हणत नाहीत.

अवघड आहे तो पहिला प्रश्न, कारण त्याचे उत्तर औषधाच्या दुकानात मिळत नाही. आपल्याकडे तापात कामावर येणाऱ्याचे कौतुक होते. मला ते कधीच पटलेले नाही, पण सगळा दोष त्या माणसावर टाकणेही योग्य नाही. ज्याचा दिवसाचा पगार कापला जाणार आहे, त्याला ‘घरी विश्रांती घ्या’ असे सांगणारा डॉक्टर अर्धाच सल्ला देत असतो. म्हणून हक्क कोणते आहेत ते आधी पाहावे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ दिवसांच्या पगारी नैमित्तिक रजेची तरतूद आहे. तुमचे कार्यालय त्या कायद्याखाली येते का, हे विचारून घ्यावे. ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांना त्या योजनेच्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. चार दिवसांच्या फ्लूला यातून फार मोठा आधार मिळत नाही, हे खरे. पण फ्लूचे पर्यवसान न्यूमोनियात झाले, तर याच योजनेचे महत्त्व कळते. पगारातून वर्षानुवर्षे वर्गणी कापली जाऊनही अनेकांना हे ठाऊक नसते.

प्रमाणपत्राच्या नियमाबद्दल तुम्ही सगळे मिळून व्यवस्थापनाशी बोलावे, असे मला वाटते. एका दिवसाच्या तापासाठी कागद मागितला, की अंथरुणात पडून राहायला हवे असा माणूस दवाखान्याच्या गर्दीत तासभर बसतो, तिथल्या लहान मुलांना आणि वृद्धांना संसर्ग देतो आणि ज्या कागदासाठी गेला, तो घेऊन अधिक थकून परततो. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी कर्मचाऱ्याचा शब्द पुरेसा मानला, तर थोडा गैरवापर होईलही. पण आजारी माणूस आल्याने एका आठवड्यात पाच टेबले रिकामी होतात, त्याहून तो महाग पडणार नाही. ज्यांचे काम घरून होऊ शकते, त्यांनाही ताप असताना संगणकासमोर बसवू नये. घरून काम ही सोय बरे होत आलेल्यांसाठी आहे.

वातानुकूलनाविषयी थोडक्यात. भिंतीवरची बहुतेक यंत्रे खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतात, बाहेरची ताजी हवा आत आणत नाहीत. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या उघडाव्यात आणि हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर तो चालू ठेवावा. खिडक्या कायमच्या बंद केलेल्या असतील, तर तो प्रश्न इमारतीच्या व्यवस्थापनाकडे लेखी न्यावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात ज्येष्ठांचा सहभाग मोठा असतो. मागच्या वर्षी उत्सवानंतर बरेच जण तापाने आजारी पडले. या वर्षी काहींचे मत आहे, की सत्तरीपुढच्या लोकांना आरतीला येऊ नका असे सांगावे. हे योग्य ठरेल का?
— सोसायटीचे सचिव, डोंबिवली

उत्तर : मला ते योग्य वाटत नाही. घरी थांबायचे ते आजारी माणसाने, निरोगी वृद्धाने नव्हे. एकट्या राहणाऱ्या आजींसाठी दहा दिवसांची आरती हा कदाचित वर्षातला सर्वांत मोठा सहवास असतो आणि तो काढून घेतला, तर त्यांच्या प्रकृतीला होणारा अपाय तापमापकात दिसत नाही.

त्याऐवजी सूचना फलकावर साध्या भाषेत लिहावे, की ज्यांना ताप किंवा खोकला आहे त्यांनी आरतीला येऊ नये, त्यांचा प्रसाद दारापर्यंत पोहोचवला जाईल. आणि तो खरोखरच पोहोचवावा, म्हणजे न येण्यात कमीपणा वाटणार नाही. मांडवाच्या किमान दोन बाजू उघड्या ठेवाव्यात, पावसाच्या भीतीने चारही बाजूंना ताडपत्री ओढू नये. ज्येष्ठांच्या खुर्च्या उघड्या बाजूला मांडाव्यात. हात धुण्यासाठी पाणी आणि साबण प्रसादाच्या टेबलाआधी हवा, नंतर नको. स्वयंसेवकांपैकी कोणी खोकत असेल, तर त्याने वाढपाचे काम त्या दिवशी दुसऱ्याकडे सोपवावे.

सोसायटीने आणखी एक काम हाती घ्यावे, जे उत्सवानंतरही चालू राहील. कोणत्या घरात ज्येष्ठ एकटे किंवा दोघेच राहतात, त्यांच्या नातेवाइकांचा क्रमांक कोणाकडे आहे आणि ते आजारी पडल्यास डबा कोण देईल, हे संमती घेऊन ठरवून ठेवावे. वृद्धांमध्ये फ्लू पुष्कळदा मोठा ताप न येताही वाढतो. जेवण सुटणे, सतत झोपून राहणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे सर्वांत आधी शेजाऱ्याच्याच लक्षात येतात. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, म्हणून वृद्ध, गर्भवती, लहान मुले आणि दीर्घ आजार असलेले यांनी ‘दोन दिवस पाहू’ म्हणू नये. ते डॉक्टरांनी लिहून द्यायचे औषध आहे, शेजाऱ्याच्या कपाटातले नव्हे.

प्रश्न : काढा आणि वाफ यांनी फ्लू जातो का? मागच्या वेळी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या तर चालतील का?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : गोळ्या चालणार नाहीत. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करते, फ्लू विषाणूमुळे होतो. काढ्याने घशाला आराम मिळतो, पोटात गरम द्रव जातो आणि कोणीतरी आपली काळजी घेते आहे हेही जाणवते. एवढ्यासाठी तो जरूर घ्यावा, विषाणू त्याने मरत नाही. वाफ घेताना मुलांना उकळत्या पातेल्यापासून दूर ठेवावे. तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा आहे. मे महिन्यात फ्लूची लस घेतली. नोव्हेंबर ते मार्च आम्ही दोघे मुलीकडे न्यू जर्सीला राहणार आहोत. पुन्हा लस घ्यावी लागेल का?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : होय, घेतलेली बरी. तुम्ही तिथे नेमके त्यांच्या फ्लूच्या हंगामात असाल, मेमधील लसीचे संरक्षण तोवर कमी होत आलेले असेल आणि तिथल्या लसीचे घटकही वेगळे असू शकतात. दोन लसींमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर लागते, ते तुमच्या बाबतीत सहज पडते. अमेरिकेत ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी अधिक मात्रेची लस मिळते; मुलीला तिथल्या औषध दुकानात चौकशी करायला सांगा. प्रवासी विम्यात प्रतिबंधक लसीचा खर्च बहुधा धरलेला नसतो, त्यामुळे निघण्यापूर्वी पॉलिसी एकदा वाचून घ्यावी आणि मेमधील लसीच्या नोंदीचा कागद सोबत न्यावा.